स्वयम-एनपीटीईएल: कोर्स पूर्ण, सर्टिफिकेट नाही, असं का होतं?

फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात आमच्या कॉम्प्युटर लॅबच्या दाराशी दरवर्षी तेच घडतं. एखादा मुलगा मोबाइल पुढे धरून उभा असतो. "मॅडम, मी तर जॉईन झालोय की. सहा आठवड्यांचे व्हिडिओ पण बघितलेत. मग परीक्षेच्या यादीत माझं नाव का नाही?" मोबाइलवर कोर्सचं पान उघडलेलं असतं, 'एन्रोल्ड' असं स्पष्ट लिहिलेलं असतं. त्याचं म्हणणं खोटं नसतं. त्याने परीक्षेचा फॉर्म भरलेला नसतो, इतकंच.

सांगली जिल्ह्यातल्या एका कॉलेजात स्वयम-एनपीटीईएलच्या ऑनलाइन कोर्सचं काम मी बघते. आमच्याकडची मुलं पायथॉन, जावा, डेटा सायन्स, सॉफ्ट स्किल्स असे कोर्स घेतात, प्राध्यापकही घेतात, आणि ऑफिसमधले दोघे-तिघे हौसेने करतात. सर्टिफिकेट हातातून जातं ते अभ्यास कमी पडल्यामुळे क्वचितच. जातं ते बहुतेक वेळा फॉर्मपायी, म्हणून इथे फॉर्मबद्दलच जास्त लिहिते.

आधी थोडक्यात. स्वयम हे केंद्र सरकारचं ऑनलाइन कोर्सचं पोर्टल आहे, जुलै २०१७ मध्ये सुरू झालेलं. एनपीटीईएल हा त्यातला आयआयटी आणि बंगळुरूच्या आयआयएस्सीचा भाग. कोर्स ४, ८ किंवा १२ आठवड्यांचे असतात आणि वर्षातून दोनदा सुरू होतात, जानेवारीत आणि जुलैत. पात्रतेची अट जवळपास नाहीच: वयाचं बंधन नाही, बारावी झालेला चालतो, निवृत्त शिक्षकही चालतो. शिकायला पैसे लागत नाहीत. सर्टिफिकेट हवं असेल तर मात्र केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते आणि तिची फी आहे कोर्समागे १००० रुपये.

म्हणजे नोंदण्या दोन. कोर्सला एन्रोल होणं ही पहिली, फुकट. परीक्षेचा फॉर्म ही दुसरी, पैसे भरून. मुलांची समजूत अशी की परीक्षेचा फॉर्म कोर्स संपल्यावर निघेल, विद्यापीठाचा निघतो तसा. तसं होत नाही. जानेवारीच्या सत्रात हा फॉर्म साधारण फेब्रुवारीच्या मध्यावर बंद होतो, तेव्हा १२ आठवड्यांचा कोर्स निम्मासुद्धा झालेला नसतो. जुलैच्या सत्रातही हीच तऱ्हा. मुदतवाढ मिळेल या भरवशावर थांबू नका. मिळते कधीकधी, पण "गेल्या वर्षी मिळाली होती" म्हणून बसलेली चार मुलं मी एकाच दुपारी परत पाठवली आहेत. शिवाय एका कॉलेजात (नाव नको) परीक्षेच्या मुदतीची सूचना बोर्डावर लागली ती मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी, खाली प्राचार्यांची सही आणि गोल शिक्क्यासकट. तेव्हा बोर्डावर विसंबू नका. कोर्सच्या पानावर तारखा असतात, त्या पहिल्याच दिवशी वहीत उतरवा.

आता ईमेल. हे वाचायला क्षुल्लक वाटेल, पण सगळ्यात जास्त डोळ्यांत पाणी मी यापायीच बघितलं आहे. कोर्सला ज्या ईमेलने एन्रोल झालात, परीक्षेचा फॉर्म त्याच ईमेलने भरायचा. मुलांच्या फोनमध्ये तीन-तीन जीमेल असतात: एक स्वतःचं, एक भावाचं, एक गेम खेळायला काढलेलं. फोन आपणहून जे खातं पुढे करतो त्यावर बोट ठेवलं जातं. मग असाइनमेंट एका खात्यावर, परीक्षा दुसऱ्या खात्यावर, आणि निकालात असाइनमेंटपुढे शून्य. दोन्ही खाती आपलीच आहेत हे नंतर कितीही पटवून सांगा, संगणकाला ती दोन माणसं दिसतात.

असाइनमेंटचं गणित नीट समजून घ्या, कारण पैसे भरून, परीक्षा उत्तम देऊन नापास होणारे इथेच अडकतात. अंतिम गुण शंभरपैकी असतात: असाइनमेंटचे २५, परीक्षेचे ७५. पास व्हायला असाइनमेंटमध्ये २५ पैकी किमान १० आणि परीक्षेत ७५ पैकी किमान ३० हवेत. दोन्ही वेगवेगळे हवेत, एकाची भर दुसऱ्याला पडत नाही. १२ आठवड्यांच्या कोर्समध्ये सर्वांत चांगल्या ८ असाइनमेंटची सरासरी धरतात, ८ आठवड्यांच्या कोर्समध्ये ६ ची, ४ आठवड्यांच्या कोर्समध्ये ३ ची. समजा १२ आठवड्यांच्या कोर्समध्ये तुम्ही फक्त ३ असाइनमेंट केल्या आणि तिन्हींत शंभरपैकी शंभर मिळवले. बेरीज ३००, भागिले ८, सरासरी साडेसदतीस टक्के. त्याचे २५ पैकी झाले ९.३७. गेलात. परीक्षेत ७० मिळवले तरी गेलात. चौथी असाइनमेंट बऱ्यापैकी सोडवली असती तर सुटला असता. गेल्या खेपेला आमच्याकडच्या एका हुशार मुलाचं नेमकं हेच झालं. मी कागदावर भागाकार करून दाखवला तेव्हा तो म्हणाला, "मग हे आधी कुणी सांगितलं नाही." कोर्सच्या पानावर लिहिलेलं असतं, पण ते पान कुणी वाचत नाही, हेही तितकंच खरं.

असाइनमेंटची मुदत बहुधा बुधवारी रात्री ११:५९ ला संपते. मुदतीच्या आत हवी तितक्या वेळा सबमिट करता येते, शेवटचं सबमिशन धरलं जातं. त्यामुळे सोमवारीच एकदा काय येईल ते भरून टाका, बुधवारी सुधारा. बुधवारी रात्री लाईट गेली की जतच्या मुलाचा आठवडा वाया जातो, आणि लाईट बुधवारीच जाते. प्रोग्रामिंगच्या काही कोर्सना प्रोग्राम लिहिण्याच्या असाइनमेंटचे वेगळे गुण असतात किंवा वेगळी परीक्षा असते, तिथे वरचं गणित जसंच्या तसं लावू नका.

कागदपत्रं मोजकीच: फोटो, सही, आणि सवलत हवी असेल तर दाखला. अनुसूचित जाती-जमातीच्या आणि दिव्यांग उमेदवारांना फी निम्मी आहे. इथे अडचण कागद नसण्याची कमी आणि चुकीचा कागद लावण्याची जास्त. जातीच्या दाखल्याऐवजी सेतू केंद्राची पावती अपलोड केलेली मी बघितली आहे, शाळा सोडल्याचा दाखलाही बघितला आहे ("त्यात जात लिहिलेली असते ना मॅडम"). चालत नाही. प्रांत कार्यालयातून मिळालेला जातीचा दाखलाच लावा, आणि हातात नसेल तर आजच अर्ज करा.

नावाची भानगड मुलींना जास्त भोवते. दहावीच्या मार्कलिस्टवर वडिलांचं नाव, लग्न झालेलं असेल तर आधारवर नवऱ्याचं नाव, कॉलेजच्या ओळखपत्रावर ऑफिसने टाईप करताना झालेलं तिसरंच काहीतरी. परीक्षेच्या फॉर्ममध्ये जे नाव भराल तेच सर्टिफिकेटवर छापून येतं, आणि केंद्रावर दाखवायच्या ओळखपत्राशी ते जुळायला हवं. फॉर्म दुरुस्त करायला थोडे दिवस मिळतात, ते संपले की नाव बदलत नाही. लाडाचं नाव, नुसतं इनिशियल, सगळं लहान अक्षरात, यातलं काही नको.

क्रेडिट, म्हणजे पदवीत धरले जाणारे श्रेयांक, हवे असतील तर अजून एक पायरी. क्रेडिट जमा होतात ते अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या खात्यात. त्याचा १२ आकडी क्रमांक डिजिलॉकरमधून काढायचा, त्यासाठी आधार, आणि आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी. इथे गाडी अडते. मुलगी सांगलीत हॉस्टेलवर, आधारला नंबर जोडलाय वडिलांचा, वडील आटपाडीच्या रानात डाळिंबावर औषध मारताहेत. ओटीपी येतो, ते बघेपर्यंत संपतो. हे काम सुट्टीत घरी असताना, वडील शेजारी बसलेले असताना उरकून या.

आणि क्रेडिट आपोआप मिळतात असं समजू नका. यूजीसीच्या २०२१ च्या नियमानुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयममधून घेता येतात, ढोबळ हिशोब ४ आठवड्यांना १, ८ ला २, १२ ला ३ क्रेडिटचा. पण तुमच्या अभ्यासक्रमात कोणता कोर्स कशाऐवजी धरायचा हे विद्यापीठ ठरवतं. शिवाजी विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजात असाल किंवा साताऱ्याच्या कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठात, एन्रोल होण्याआधी विभागप्रमुखांकडून लेखी विचारून घ्या. तोंडी "हो हो, चालतंय" यावर विश्वास ठेवून नंतर परीक्षा विभागाच्या खिडकीशी भांडणारी मुलं कमी नाहीत.

प्राध्यापकांसाठी दोनच गोष्टी. ज्या कोर्सला एफडीपीची (प्राध्यापकांच्या प्रशिक्षण कार्यक्रमाची) मान्यता आहे तो ८ आठवड्यांचा केला तर एक आठवड्याचा, १२ आठवड्यांचा केला तर दीड आठवड्याचा एफडीपी धरतात. परीक्षेच्या फॉर्ममध्ये मात्र व्यवसायाच्या रकान्यात 'फॅकल्टी' निवडा. पीएचडी चालू असलेले आमचे एक सहकारी तिथे 'विद्यार्थी' निवडून मोकळे झाले. पास झाले, सर्टिफिकेट आलं, एफडीपीचं आलं नाही. आणि ऑफिसमधल्यांनो, नोकरीच्या अटीतली एमएससीआयटी वेगळी. एनपीटीईएलचा कोर्स चांगला आहे, करा, पण त्यावर ती अट सुटेल असं धरू नका.

परीक्षेचं शहर निवडताना त्या सत्राच्या यादीत कोणती नावं आहेत ते बघूनच ठरवा. पेपर तीन तासांचा, सकाळी ९ ला किंवा दुपारी २ ला. निवड असेल तर लांबच्यांनी दुपारचा घ्यावा. जतहून पहाटेची एसटी पकडली तरी सकाळच्या पेपराला कोल्हापूर गाठणं कठीण. हॉलतिकिटाची प्रिंट आणि मूळ ओळखपत्र बरोबर ठेवा, झेरॉक्सवर आत सोडत नाहीत.

निकालानंतर ई-सर्टिफिकेट येतं, छापील प्रत घरी येत नाही. अंतिम गुण ६० किंवा जास्त असतील तर त्यावर 'एलिट' असा शेरा, ७५ पासून त्यात सिल्व्हर, ९० पासून गोल्ड. डाऊनलोड करून लगेच क्रेडिटचा अर्ज जोडा आणि परीक्षा विभागात द्या. अर्जाच्या दोन प्रती न्या. दुसरीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का मारून घ्या, "साहेब आल्यावर मारतो" म्हणाले तरी तिथेच थांबून.