मेकाँगच्या चिखलात हाडं टिकतात का?

व्हिएतनाम युद्धात १९६६ पासून दक्षिण व्हिएतनाममधल्या मेकाँग नदीच्या फाट्यांमध्ये अमेरिकन नौदलाच्या छोट्या गस्तनौका फिरू लागल्या. मोहिमेचं नाव ‘ऑपरेशन गेम वॉर्डन’. नौका सुमारे ३१ फुटांची, चार खलाशांची. पाणवनस्पतींत अडकेल म्हणून तिला पंखाच नव्हता. पंपाने ओढलेलं पाणी जोरात मागे फेकून ती पळायची. पण तिचं फायबरग्लासचं अंग गोळी अडवत नव्हतं. काठावरच्या झाडीतून हल्ला झाला, की माणूस पाण्यात पडायचा, आणि पडलेला प्रत्येक जण सापडला नाही.

छातीत हवा असेपर्यंत शरीर तरंगतं. फुप्फुसांत पाणी शिरलं, वर जड जाकीट, बूट आणि काडतुसं असली, की ते तळ गाठतं. थंड, खोल तळ्यात ते तिथेच राहू शकतं. मेकाँगचं पाणी मात्र कोमट; आतड्यातले जीवाणू झपाट्याने वायू तयार करतात आणि बहुधा काही दिवसांत शरीर वर येतं. येतं कुठे, हाच प्रश्न. कोकणातल्या खाडीसारखं इथेही भरतीचं पाणी उलटं चढतं. उन्हाळ्यात तर समुद्रापासून बरंच आत असलेल्या कांथो शहरापाशीही प्रवाहाची दिशा फिरते. म्हणजे शोध फक्त खालच्या अंगाला घेऊन भागत नाही. त्यातून पाणी गढूळ, आणि काठावर शत्रू.

शरीर गाळात रुतलं, तर पुढचा खेळ रसायनांचा. खाऱ्या पाण्यातलं सल्फेट आणि मातीतलं लोह यांपासून इथल्या जीवाणूंनी हजारो वर्षांत पायराइट, म्हणजे लोह आणि गंधकाचं खनिज, साठवलं आहे. चिखल पाण्याखाली असेतो ते निरुपद्रवी असतं. शेतीसाठी कालवे खणले, जमीन वाळली, की हवेतला ऑक्सिजन पायराइटला भिडतो आणि सल्फ्युरिक आम्ल तयार होतं. मातीचा सामू (pH) ४ च्याही खाली जातो. हाडातलं कॅल्शियम फॉस्फेट अशा आम्लात विरघळतं. माझ्या मते अवशेषांच्या शोधातला खरा वैरी युद्धानंतरची ही कोरडी पडलेली शेतं आहेत.

दात सगळ्यांत चिवट, कारण एनॅमल, म्हणजे दातावरचं कठीण आवरण, जवळजवळ पूर्ण खनिजच असतं. दात किंवा हाडाचा तुकडा मिळाला, की तो अमेरिकनाचा की स्थानिकाचा, हे आधी ठरवावं लागतं. व्हिएतनामचे स्वतःचे बेपत्ता सैनिक तर लाखांत आहेत. इथे कार्बनची समस्थानिकं, म्हणजे त्याचे हलके-जड अणू, उपयोगी पडतात. मक्यावर पोसलेलं मांस आणि मक्याची साखर खाणाऱ्याच्या हाडात जड कार्बन जास्त, भात खाणाऱ्याच्या कमी. (ज्वारी-बाजरी याबाबतीत मक्याच्या गोटातली, त्यामुळे ही कसोटी सोलापुरात फसेल.)

शेवटची ओळख डीएनएची. पेशीत मायटोकाँड्रियाच्या (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या कणांच्या) डीएनएच्या शेकडो प्रती असतात, त्यामुळे झिजलेल्या हाडातही एखादी हाती लागते. १९७२ मध्ये व्हिएतनाममध्ये विमानासह पडलेल्या अमेरिकन वैमानिक मायकेल ब्लासी यांची ओळख याच मार्गाने १९९८ मध्ये पटली. तोवर ते आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत ‘अनाम सैनिक’ म्हणून पुरलेले होते. मात्र हा डीएनए फक्त आईकडून येतो. म्हणून बेपत्ता खलाशाची स्वतःची मुलं या चाचणीला चालत नाहीत. भाऊ-बहीण चालतात, भाचा-भाची चालतात. मावसभाऊ चालतो, मामेभाऊ नाही.