जीव रुळतो, वंश बदलतो

‘समुद्र तापतोय, पण किनाऱ्यावरचे प्राणी अनुकूलन साधतील.’ हे वाक्य वर्तमानपत्रांत येतं, विज्ञान प्रदर्शनाच्या तक्त्यांवर येतं, कॉलेजच्या प्रकल्पवह्यांत तर हमखास येतं. त्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी एका शब्दात कोंबल्या आहेत. घोळ शब्दापासूनच सुरू होतो. मराठी पुस्तकात उंटाचे पसरट तळवे म्हणजे अनुकूलन, गुजराती पुस्तकातही तोच शब्द, त्यामुळे बडोद्यातल्या मुलाची भाषा बदलूनही सुटका नाही. आणि नव्या हवेची सवय झाली तरी आपण ‘जुळवून घेतलं’ असंच म्हणतो. शास्त्रात सवय होण्याला अॅक्लिमेशन म्हणतात, उंटाच्या तळव्यांसारख्या वंशातल्या बदलाला अॅडाप्टेशन. पहिल्याला ‘रुळणं’ म्हणावं आणि ‘अनुकूलन’ फक्त दुसऱ्यासाठी राखून ठेवावं, हे माझं ठाम मत आहे.

रुळणं काय असतं ते सांगायला नको. पुण्याची पाहुणी मेमध्ये बडोद्याला आली की पहिले चार दिवस कोमेजते. दहा-चौदा दिवसांत तिला घाम लवकर सुटू लागतो, घामातून मीठ कमी जातं, रक्तातला द्रव वाढतो. परत गेली की काही आठवड्यांत हे सगळं ओसरतं, आणि तिच्या मुलांना यातलं काही वारशानं मिळत नाही. खेकड्यात किंवा शिनाण्यातही (खडकाला चिकटणाऱ्या शिंपल्यात) तसंच घडतं. पेशींच्या पडद्यातल्या चरबीचं मिश्रण बदलतं, उष्णतेनं विस्कटणाऱ्या प्रथिनांना सावरणारी एचएसपी ७० सारखी प्रथिनं वाढतात. (प्रयोगशाळेत एकच घटक बदलून हे घडवलं तर अॅक्लिमेशन, निसर्गात घडलं तर अॅक्लिमटायझेशन. या भेदावर कुणी तास घालवू नये.)

अनुकूलन पाहायचं तर खंभातच्या आखाताकाठी कावी-कंबोईला ओहोटीच्या वेळी चिखलाकडे बघा. तिथले लेवटे, म्हणजे कोकणातल्या निवट्या, पाण्याबाहेर ओल्या कातडीतून आणि तोंडाच्या आतल्या अस्तरातून श्वास घेतात. कुठल्याही एका लेवट्यानं हे आयुष्यात कमावलेलं नाही. पिल्लापिल्लांत फरक होता, तो वारशानं उतरत होता, आणि चिखलावर जास्त तगणाऱ्यांची पिल्लं जास्त जगली. असंख्य पिढ्या हे चालत राहिलं. म्हणून रुळायला आठवडे लागतात आणि अनुकूलनाला पिढ्या.

इथवर सगळ्यांना पटतं. पाय घसरतो तो पुढे, फरक दिसल्या दिसल्या कारण ठरवून टाकण्यात. एकाच किनाऱ्यावर वरच्या खडकावरचे खेकडे ३९ अंशांपर्यंत तग धरतात आणि खालच्या खडकावरचे ३८ पर्यंतच, असं समजा. लगेच वहीत लिहिलं जातं, ‘वरच्यांचं अनुकूलन झालं आहे.’ पण या एका अंशामागे चार वेगळी कारणं असू शकतात.

एक, वरचे खेकडे रोजच्या उन्हाला नुसते रुळले असतील. दोन, दोन्ही गटांच्या जनुकांतच फरक असेल. तीन, वरती रुजलेल्या पिल्लांतली दुबळी आधीच मेली असतील आणि मोजायला कणखर तेवढीच उरली असतील. चार, वाढीच्या कोवळ्या वयात मिळालेली उष्णता, किंवा आईनं अंड्यात भरलेली द्रव्यं, जन्मभर परिणाम ठेवून गेली असतील. चौथं कारण सर्वांत फसवं, कारण ते आईकडून पिल्लाकडे जातं आणि तरीही जनुकं बदललेली नसतात.

पहिलं कारण तपासणं सोपं आहे. दोन्ही गट तीन आठवडे एकाच तापमानाला ठेवा. फरक पुसला गेला तर तो रुळण्याचा होता. पण उरला तर त्याला लगेच अनुकूलन म्हणायचं नाही, आणि नेमकी हीच उडी सगळे मारतात. उरलेल्या फरकात तिसरं आणि चौथं कारण अजून शिल्लक आहे. दोन्ही गटांची पिल्लं एकाच पाण्यात वाढवायची, त्यांचीही पिल्लं तिथेच वाढवायची, आणि त्या दुसऱ्या पिढीत फरक टिकला तरच जनुकांकडे बोट दाखवायचं.

तिसऱ्या कारणाकडे तर टाकीतच दुर्लक्ष होतं. ४० खेकडे ३० अंशांना ठेवले, तीन आठवड्यांत १२ मेले, उरलेल्या २८ ची सरासरी सहनशक्ती वाढली. यात एकही खेकडा बदललेला नसू शकतो, दुबळे वजा झाल्यानंही सरासरी चढते. एकच खेकडा आधी आणि नंतर मोजावा म्हटलं तर तेही चालत नाही, कारण पहिली चाचणीच (पाणी हळूहळू तापवून खेकडा कुठवर टिकतो ते बघायची) त्याला थोडा कणखर करून ठेवते. म्हणून चिठ्ठ्या टाकून गट पाडायचे, मेलेला प्रत्येक प्राणी लिहायचा, आणि मेलेल्यांना सर्वांत खालच्या क्रमांकावर धरून मध्यक काढायचा. निम्म्याहून जास्त मेले तर तो प्रयोग रुळण्याबद्दल काही सांगत नाही. कवचावर नेलपॉलिशचा ठिपका लावून ओळख ठेवायची पद्धत आहे, पण कात टाकली की ठिपकाही जातो. भोकांचे प्लास्टिकचे डबे घेऊन प्रत्येकाला वेगळं ठेवणं बरं.

चाचणीतल्या चुकाही ठरलेल्या. खारटपणा ३५ (हजार भागांत ३५ भाग मीठ) असलेल्या पाण्यात २० अंशांना लिटरमागे साधारण ७.४ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना ६.२. हवेचा पंप न लावता पाणी तापवलं तर खेकडा उष्णतेनं कोलमडला की श्वास कोंडून, हे कळायला मार्ग नाही. बडोद्याच्या एप्रिलमध्ये टाकीतलं पाणी झपाट्यानं आटतं. मीठ मागेच राहतं, म्हणून भर गोड्या आरओ पाण्याची घालायची, मिठाच्या पाण्याची घातली तर खारटपणा चढत जातो. तापमान दर दहा मिनिटांना एक अंश वाढवावं. घाई केली तर कवचाच्या आतलं शरीर पाण्याच्या मागे राहतं आणि आकडा खोटा उंच येतो. फार रेंगाळलं तर प्राणी चाचणीतच रुळू लागतो. खेकडा उताणा केल्यावर सुलटा होईना की तो त्याचा शेवटचा अंश, लगेच गार पाण्यात सोडायचा. आणि कच्छच्या आखातातल्या सागरी राष्ट्रीय उद्यानातून, म्हणजे नरारा किंवा पिरोटनहून, काहीही उचलायचं नाही. तो भाग संरक्षित आहे, तिथे फक्त पाहायचं.

रुळण्याची ताकद आकड्यात मांडता येते. समजा २४ अंशांना ठेवलेला गट ३८.० पर्यंत टिकला आणि ३० अंशांना ठेवलेला ३९.२ पर्यंत. सहा अंशांच्या सरावानं मर्यादा १.२ नं सरकली, म्हणजे दर अंशाला ०.२. याचा अर्थ पाणी २ अंशांनी तापलं तर मर्यादा फक्त ०.४ नं वर जाईल आणि प्राण्याच्या हातातली सवलत, म्हणजे पाणी आणि मर्यादा यांतलं अंतर, १.६ अंशांनी घटेल. ‘रुळतील की’ म्हणून निर्धास्त होणाऱ्यांनी हे गणित एकदा करून पाहावं.

यातला सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष संशोधक जोनाथन स्टिलमन यांनी पोर्सेलीन खेकड्यांच्या हृदयाचे ठोके मोजून २००३ मध्ये मांडला. ज्या जाती मुळात जास्त उष्णता सोसतात, त्यांचीच रुळून आणखी वर सरकण्याची ताकद सर्वांत कमी निघाली. वरच्या खडकावरचे खेकडे तापल्या दगडाखाली आधीच आपल्या कमाल मर्यादेजवळ जगतात. वंशानं मिळवलेली सहनशक्ती आणि एका जीवाची रुळण्याची ताकद एकाच शब्दात बोलली की नेमकं हेच नजरेआड होतं, आणि ‘कणखर आहेत, टिकतील’ असा उलटा अंदाज बांधला जातो.

अनुकूलनावरही डोळे मिटून भिस्त ठेवता येत नाही. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर खडकांवरच्या डबक्यांत टिग्रिओपस नावाचा इवलासा कवचधारी राहतो. महिन्याभरात त्याची पिढी उलटते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तो १० पिढ्या उष्णतेसाठी निवडून वाढवला, तरी मिळकत अर्ध्या अंशाच्या आसपासच होती. प्रत्येक डबक्यातल्या वंशात निवडीला पुरेसा फरकच नव्हता.

प्रवाळासारख्या संथ जीवात दुसऱ्या पिढीची वाट बघणं शक्य नसतं. तिथे अदलाबदल करतात. अमेरिकन सामोआतल्या ओफू बेटावर जास्त तापणाऱ्या आणि कमी तापणाऱ्या जागांतल्या प्रवाळाचे तुकडे एकमेकांच्या जागी लावले. दोन वर्षांच्या आत जे हाती आलं, ते २०१४ मध्ये छापलं गेलं. उष्णता सोसण्यात रुळण्याचा वाटा आणि जागा बदलूनही न बदललेला वाटा जवळपास निम्मा-निम्मा होता. त्या न बदललेल्या वाट्याला संशोधकांनी ‘अनुकूलनासारखे स्थिर परिणाम’ म्हटलं, नुसतं अनुकूलन म्हटलं नाही. जपून लिहिणं म्हणतात ते हे.

प्रकल्पवहीतही तेवढंच लिहावं, ‘वरच्या खडकावरचे खेकडे खालच्यांपेक्षा एक अंश जास्त सोसतात.’ कारणाचा रकाना दुसरी पिढी मोजून होईपर्यंत कोरा ठेवावा.