दलीपसिंग सौंद यांच्या १९५६च्या विजयामागे

बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२३ मध्ये मिशिगनमधून अमेरिकी काँग्रेसमध्ये पोहोचले. ही वाट पहिल्यांदा मोकळी केली ती दलीपसिंग सौंद यांनी, १९५६ मध्ये. त्यांच्या खासदारकीइतकीच, किंबहुना त्याहून जास्त महत्त्वाची आहेत ती आधीची पस्तीसेक वर्षे.

सौंद १८९९ साली अमृतसरजवळच्या छज्जलवड्डी गावी जन्मले. १९२० मध्ये ते शिकायला कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात गेले आणि १९२४ मध्ये गणितात डॉक्टरेट मिळवली. पण त्याच्या आदल्याच वर्षी भगतसिंग थिंद खटल्याचा निकाल लागला होता. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात राहिलेल्या थिंद यांना तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने नागरिकत्वासाठी ‘गोरे’ मानले नाही. परिणामी भारतीयांना नागरिकत्व नाही, आणि कॅलिफोर्नियाच्या कायद्यामुळे शेतजमिनीची मालकीही नाही. पंजाबी शेतकरी ओळखीच्या नागरिकाच्या नावावर जमीन करून कसत. नागरिकत्व न मिळू शकणाऱ्या अशा परदेशी माणसाशी लग्न करणाऱ्या अमेरिकी बाईचे नागरिकत्वही तेव्हा जात असे. सौंद यांनी १९२८ मध्ये मेरियन कोसा यांच्याशी लग्न केले ते याच काळात.

गणिताचा हा डॉक्टर कॅलिफोर्नियातल्याच इम्पीरियल व्हॅलीत शेती करत राहिला. मतदानाचा हक्क नसताना त्यांनी भाषणे दिली आणि भारतीयांची संघटना बांधून वॉशिंग्टनमध्ये कायदा बदलण्यासाठी पाठपुरावा केला. मला त्यांचे खरे राजकीय काम हेच वाटते. अखेर जुलै १९४६ मध्ये लूस-सेलर कायदा झाला. वर्षाला अवघ्या १०० भारतीयांना प्रवेश, पण नागरिकत्वाचे दार उघडले.

सौंद १९४९ मध्ये नागरिक झाले. १९५० मध्ये ते वेस्टमोरलँडच्या स्थानिक न्यायाधीशपदी निवडून आले, पण नागरिक होऊन वर्ष पुरे झाले नव्हते म्हणून ती निवड रद्द झाली. १९५२ मध्ये ते पुन्हा उभे राहिले आणि जिंकले. प्रचारात एकाने विचारले, निवडून आलात तर आम्हाला पगड्या तुम्ही देणार की विकत घ्याव्या लागणार? डोक्यावर काय आहे याच्याशी मला देणेघेणे नाही, आत काय आहे ते मी पाहतो, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले.

१९५६ मध्ये काँग्रेसच्या निवडणुकीत त्यांच्यासमोर रिपब्लिकन उमेदवार होत्या नामांकित वैमानिक जॅकलिन कॉक्रन, ध्वनीचा वेग ओलांडणाऱ्या पहिल्या महिला. सौंद जिंकले, परराष्ट्र व्यवहार समितीवर गेले, १९५७ मध्ये भारतात येऊन गेले. तीन वेळा निवडून आल्यावर मे १९६२ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. त्या नोव्हेंबरच्या निवडणुकीत ते हरले आणि १९७३ मध्ये वारले. प्रतिनिधिगृहात त्यांच्यानंतरचे भारतीय वंशाचे सदस्य, बॉबी जिंदल, थेट २००५ मध्ये आले.