शुगरलोफ हा ज्वालामुखी नाही

डब्लिनहून दक्षिणेला विकलोकडे निघालं की किलमाकानोगजवळ एक टोकदार डोंगर दिसतो: ग्रेट शुगरलोफ, उंची ५०१ मीटर. 'हा विझलेला ज्वालामुखी आहे' असं तिथे पिढ्यान् पिढ्या ऐकवलं जातं. आकार पाहून कुणीही फसेल. पण तो ज्वालामुखी नाही, कधी नव्हताही.

माथ्याजवळच्या घसाऱ्यातला एखादा दगड उचलून बघा. फिकट, पांढरट-राखाडी आणि कमालीचा कठीण. लाव्हाचा काळा खडक हा नव्हे, हा क्वार्टझाइट. ५० कोटी वर्षांहून आधी, कँब्रियन काळात, समुद्रतळाशी साचलेली ही वाळू. पुढे दाब आणि उष्णतेने कण असे सांधले गेले की दगड फुटतो तो कणांच्या मधून नव्हे, कण चिरत. भोवतालचे मऊ थर झिजून गेले, हा टिकला. हिमयुगातल्या गोठण्या-वितळण्याने त्याच्या ठिकऱ्या उडवल्या, त्यांचाच हा घसारा. शेजारचा लिटल शुगरलोफही क्वार्टझाइटचाच. (सह्याद्रीत आपल्या पायाखाली खराखुरा लाव्हा असतो, पण तिथले सुळकेही झिजेनेच घडलेत. टोक दिसलं म्हणजे ज्वालामुखी, हे तिथेही चालत नाही.)

नावात गोडवा आहे तो आकारामुळे. पूर्वी साखर शंकूच्या आकाराच्या कडक ढेपेत विकत, घरी चिमट्याने तोडून घ्यावी लागे. ती ढेप म्हणजे शुगरलोफ. हे इंग्रजी नाव झालं. आयरिश नाव 'ओ कुअलन', त्यात कुआला या जुन्या प्रदेशाचं नाव आहे, साखरेचा कणही नाही.