ऑप्टिकल फायबरचं इंटरफेरोमेट्रीने मोजमाप आणि अपवर्तनाचा घोळ

फायबरच्या कोअरपासून (मधला गाभा) क्लॅडिंगपर्यंत (गाभ्याभोवतीचं काचेचं आवरण) अपवर्तनांक, म्हणजे काच प्रकाशाला किती मंदावते आणि वाकवते ते सांगणारा आकडा, कसा बदलत जातो हे मोजायची एक जुनी, भरवशाची पद्धत म्हणजे इंटरफेरोमेट्री. लेझरचा झोत दोन भागांत विभागायचा, एक भाग आडव्या ठेवलेल्या फायबरमधून आरपार न्यायचा, दुसरा बाजूने, आणि दोन्ही परत एकत्र आणले की काळे-उजळ पट्टे दिसतात, लॅबमध्ये सगळे त्यांना फ्रिंजच म्हणतात. काचेतून आलेला प्रकाश मागे पडतो म्हणून तिथल्या फ्रिंज सरकतात, आणि किती सरकल्या त्यावरून अपवर्तनांक निघतो. पण साध्या हिशोबात किरण सरळ रेषेत गेला असं धरलेलं असतं आणि खरी गोची तिथेच आहे, कारण फायबर गोल असतो आणि गोल काच किरण वाकवते.

नुसत्या हवेत ठेवलं तर काय होतं बघा. १२५ मायक्रॉन व्यासाचा सिलिकाचा फायबर, ६३३ नॅनोमीटरच्या लाल लेझरला अपवर्तनांक साधारण १.४५७, म्हणजे तो चक्क भिंगच होतो, मधले समांतर किरण त्याच्या मागच्या पृष्ठभागापासून ४० मायक्रॉनच्या आत एकत्र येतात. मधोमध फ्रिंज जवळपास ९० फ्रिंजच्या अंतराइतकी सरकते आणि कडेला त्या इतक्या दाट होतात की मोजणंच सोडून द्यावं लागतं.

म्हणून फायबर मॅचिंग ऑइलमध्ये बुडवतात, ज्याचा अपवर्तनांक क्लॅडिंगइतकाच असतो. जुळलं की फायबरची कड जवळजवळ गायब होते, फ्रिंज क्लॅडिंगमधून सरळ जातात आणि फक्त कोअरवर छोटासा उंचवटा दिसतो. सिंगल मोड फायबरचा (प्रकाश एकाच वाटेने नेणाऱ्या बारीक कोअरच्या फायबरचा) कोअर साधारण ८ मायक्रॉनचा, कोअर आणि क्लॅडिंगच्या अपवर्तनांकातला फरक ०.००५ च्या आसपास, तेव्हा हा उंचवटा एका फ्रिंजचा जेमतेम ०.०६ भाग असतो! आणि अशा ऑइलचा अपवर्तनांक दर अंश सेल्सिअसला साधारण ०.०००४ ने उतरतो, काचेचा मात्र जवळपास तसाच राहतो, म्हणजे ऑइल एका अंशाने तापलं तरी १२५ मायक्रॉनच्या वाटेवर ०.०८ फ्रिंजचा फरक पडतो, कोअरच्या सिग्नलपेक्षा जास्त. तो क्लॅडिंगभर पसरलेला असल्याने वजा करता येतो हे खरं, पण तापमान न नोंदवता काढलेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नये. लेझरचा रंग बदलला की जुळणीही परत तपासावी लागते.

ऑइल अगदी परफेक्ट जुळलं तरी कोअरच्या आतलं अपवर्तन उरतंच. सिंगल मोडमध्ये ते सहसा सोडून देता येतं, पण ५० मायक्रॉन कोअरच्या ग्रेडेड इंडेक्स फायबरमध्ये, जिथे अपवर्तनांक मध्यापासून कडेकडे हळूहळू उतरतो आणि मध्यभागी क्लॅडिंगशी फरक ०.०१५ वगैरे असतो, काही किरण साधारण एका अंशाने वळतात आणि आत गेले त्या रेषेत बाहेर येत नाहीत. अशा वेळी मायक्रोस्कोपचा फोकस फायबरच्या मधल्या प्रतलावर ठेवला तर बरंच सावरतं, कारण बाहेर पडलेला किरण मागे वाढवला की तो मूळ किरणाच्या रेषेला तिथेच कुठेतरी छेदतो, फोकस कडेवर ठेवला तर मात्र फ्रिंजची जागाच चुकते.

यापुढे जायचं तर हिशोबच बदलावा लागतो. इजिप्तच्या मनसूरा विद्यापीठात ए. ए. हमजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात फायबर पातळ थरांचा बनलेला आहे असं मानून प्रत्येक थरावर किरण वाकतो हे गणितात घेतलं, बाहेरून आत एकेक थर सोडवत जायचं. याच्या उलट वाट संशोधक डीट्रिच मार्कूझ यांची, त्यांनी १९७९ मध्ये फ्रिंज न वापरता, किरण वाकून प्रकाश कुठे किती गोळा होतो यावरूनच अपवर्तनांक काढायची पद्धत मांडली.