डिलीट-पुष्टी बंद करणे (ई-मेल)

ई-मेल प्रोग्राममध्ये संदेश काढून टाकताना ‘नक्की डिलीट करायचा का?’ असे विचारणारी चौकट पुन्हा उमटू नये म्हणून सेटिंगमध्ये केलेला बदल. काम एक टिक काढण्याचे आहे, पण ती टिक कोणत्या चौकटीची, हे आधी पाहावे लागते. चालू फोल्डरमधला संदेश कचरापेटीत टाकताना विचारणारी चौकट वेगळी आणि कचरापेटी ओलांडून संदेश कायमचा काढताना विचारणारी वेगळी. पहिली बंद केल्याने सहसा काही बिघडत नाही. दुसरी बंद करावी का, हे त्या मेलपेटीवर किती जणांचे हात फिरतात त्यावर ठरते. शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा शिवाजी उद्यमनगरातल्या लहान कारखान्यांत पुष्कळदा अख्ख्या ऑफिसला मिळून एकच मेल आयडी असतो. त्यामुळे कोल्हापुरात हा प्रश्न एकट्यादुकट्याच्या आवडीनिवडीचा राहत नाही.

सेटिंग कुठे असते

आऊटलुकच्या नेहमीच्या डेस्कटॉप आवृत्तीत फाइल, ऑप्शन्स, अ‍ॅडव्हान्स्ड असे जाऊन ‘अदर’ या गटात ‘प्रॉम्प्ट फॉर कन्फर्मेशन बिफोर परमनंटली डिलीटिंग आयटम्स’ या ओळीपुढची टिक काढतात. नावातच सांगितल्याप्रमाणे ही चौकट कायमच्या डिलीटची आहे. साधे डिलीट बटण दाबल्यावर संदेश ‘डिलीटेड आयटम्स’मध्ये जातो आणि तेव्हा आऊटलुक काही विचारत नाही. शिफ्ट धरून डिलीट दाबले, किंवा त्या फोल्डरमधूनच संदेश काढला, तरच विचारणा होते. त्याच पानावर आऊटलुक बंद करताना ‘डिलीटेड आयटम्स’ रिकामे करण्याचीही एक टिक आहे. ही चालू आणि विचारणा बंद, अशी जोडी जमली की संध्याकाळी प्रोग्राम मिटताना दिवसभराचा कचरा एका अक्षरानेही न विचारता साफ होतो. तंत्रज्ञाने एक टिक काढताना दुसरीकडे नजर टाकली नाही, तर ही जोडी नकळत जमते.

थंडरबर्ड या मेल प्रोग्राममध्ये यासाठी दिसती टिक नाही. सेटिंग्जमधल्या जनरल पानाच्या तळाशी असलेला कॉन्फिग एडिटर उघडून ‘वॉर्न ऑन शिफ्ट डिलीट’ आणि ‘वॉर्न ऑन डिलीट फ्रॉम ट्रॅश’ या नोंदी शोधायच्या आणि ‘ट्रू’च्या जागी ‘फॉल्स’ करायचे. मिटलेली संवादमाळ एकदम उडवताना येणाऱ्या इशाऱ्याची नोंद निराळी आहे आणि ती तशीच राहू दिलेली बरी. वर दिसतो एक संदेश आणि जातात पंधरा, असा तो प्रकार असतो.

अँड्रॉइडवरच्या जीमेलमध्ये सेटिंग्ज, जनरल सेटिंग्ज या वाटेने ‘कन्फर्म बिफोर डिलीटिंग’ची टिक मिळते. आयफोनमध्ये मेलच्या सेटिंगमध्ये ‘आस्क बिफोर डिलीटिंग’ असा खटका आहे. संगणकावरच्या विंडोजचा रिसायकल बिन हा विषय वेगळा असला तरी दोन्हींची गल्लत नेहमी होते. तिथली विचारणा बिनच्या प्रॉपर्टीजमधून बंद होते आणि विंडोज 8 पासून ती मुळातच बंद ठेवलेली असते.

विचारणा आली कुठून

जुन्या मेल प्रोग्रामांना या चौकटीची गरजच नव्हती. युनिक्सच्या मूळ मेल प्रोग्राममध्ये ‘डी’ दाबले की संदेशावर काढण्याची खूण पडे, ‘यू’ दाबले की ती पुसली जाई, ‘क्यू’ देऊन बाहेर पडले की खुणेचे संदेश खरोखर जात आणि ‘एक्स’ देऊन बाहेर पडले तर सगळे होते तसे राही. सर्व्हरवरचा मेल संगणकावर उतरवून घेण्याच्या पॉप 3 या प्रमाणात (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या प्रमाणांचा दस्तऐवज, क्रमांक 1939, 1996) हीच पद्धत आहे. डिलीटची आज्ञा मिळाल्यावर सर्व्हर नुसती खूण करतो आणि ‘क्विट’ आल्यावरच संदेश पुसतो. मध्येच कनेक्शन तुटले तर काहीच जात नाही. मेल सर्व्हरवरच ठेवून वाचण्याच्या आयमॅप या प्रमाणात (आरएफसी 3501, 2003, सुधारित आरएफसी 9051, 2021) डिलीटचा झेंडा आणि ‘एक्सपंज’ ही प्रत्यक्ष पुसण्याची आज्ञा, अशा दोन पायऱ्या ठेवल्या आहेत. म्हणजे पाऊल मागे घेण्याची सोय पायातच होती. वर खिडक्या, बटणे आणि चौकटी आल्यावर ती झाकली गेली आणि तिच्या जागी प्रश्न आला.

प्रश्न टोचू लागला तो जागेच्या टंचाईमुळे. 1996 मध्ये सुरू झालेल्या हॉटमेलने आरंभी 2 एमबी जागा दिली होती. तेवढ्यात चार ड्रॉइंगही मावत नाहीत, म्हणून रोज सफाई आणि रोज तीच चौकट. 1 एप्रिल 2004 रोजी आलेल्या जीमेलने 1 जीबी देऊ केल्यावर डिलीट करण्याची निकड बरीच कमी झाली. ती परत आली 1 जून 2021 नंतर. त्या दिवसापासून गुगल फोटोजमधली नवी छायाचित्रे मेल आणि ड्राइव्हसोबतच्या सामाईक 15 जीबीत मोजली जाऊ लागली. जागा भरली की मेल येणे थांबते, ऑर्डर अडकते आणि मग कुणीतरी शेकड्याने मेल उडवायला बसतो.

सवयीचा भाग

रोज उमटणारी चौकट कुणी वाचत नाही. काही दिवसांत डिलीट आणि एंटर ही दोन बटणे बोटांत एकच होतात. शिरोलीतल्या एखाद्या फाउंड्रीच्या ऑफिसात सकाळी साडेनऊला हे नीट पाहता येते. ऑपरेटरची नजर मेलच्या यादीवर असते, डावा अंगठा शिफ्टवर, उजव्या हाताची बोटे डिलीटवरून एंटरवर. चौकट पडद्यावर उमटून विझते, तिच्यावर काय लिहिले होते ते त्याला विचारले तर सांगता येत नाही. मॅकिंटॉश प्रकल्पाची 1979 मध्ये सुरुवात करणारे जेफ रास्किन यांनी नेमकी हीच त्रुटी दाखवली होती. होकार हा कृतीचाच भाग बनला की विचारणेचे संरक्षण संपते. त्यांचा कल कृती उलटवण्याची सोय देण्याकडे होता. जीमेलच्या वेब आवृत्तीत एकेक संदेश उडवताना प्रश्न येत नाही, खाली काही क्षण ‘अनडू’ची पट्टी येते आणि संदेश 30 दिवस कचरापेटीत राहतो. मात्र शोधात सापडलेले सगळेच्या सगळे संवाद एकदम निवडले तर तेच जीमेल थांबून विचारते. हा भेद शहाणपणाचा आहे: रोजच्या कृतीला प्रश्न नाही, विरळ आणि मोठ्या कृतीला आहे. ‘अनडू’ नसलेल्या जुन्या प्रोग्रामांना मात्र हा न्याय लावता येत नाही आणि कोल्हापुरातल्या कितीतरी टेबलांवर अजून तेच प्रोग्राम चालू आहेत.

कोल्हापुरातला वापर

संगणक दुरुस्तीला आलेल्या माणसाला इथे सर्रास सांगितले जाते, ‘भावा, सारखं सारखं काय इचारतंय हे, बंद करून टाक की.’ तो दोन मिनिटांत टिक काढून देतो. मेलपेटी एकाची असेल तर यात गैर काही नाही. पण ‘सेल्स’ किंवा ‘इन्फो’ नावाचा आयडी ऑफिसातल्या संगणकावर, मालकाच्या फोनवर आणि डिस्पॅच सांभाळणाऱ्याच्या फोनवर असा तिन्हीकडे आयमॅपने जोडलेला असतो. आयमॅपमध्ये पेटी सर्व्हरवर एकच असते. एकाने फोनवर बोट सरकवून काढलेला मेल बाकी दोघांच्या यादीतूनही नाहीसा होतो आणि दोघांनाही ‘मेल आलाच नव्हता’ असे खात्रीने वाटते.

फाउंड्रीच्या धंद्यात याचा फटका ड्रॉइंगला बसतो. गिऱ्हाईक कंपनी एकाच कास्टिंगचे ड्रॉइंग रेव्हिजन बदलून पुन्हा पाठवते. विषयाची ओळ तीच, फाइलचे नावही जवळपास तेच. यादी आवरणाऱ्याला तो दुबार आलेला मेल वाटतो. पॅटर्नमेकरकडे जुनेच ड्रॉइंग राहते, त्यावरून साचे भरले जातात आणि चूक कळते ती मशीन शॉपमध्ये, भोकाची जागा जुळत नाही तेव्हा. तोवर धातू ओतून झालेला असतो. अशा ठिकाणी विचारणा चालू ठेवण्यापेक्षा साधा नियम जास्त कामाचा ठरतो: सामाईक पेटीत कुणी डिलीट करायचेच नाही, मेल ‘अर्काइव्ह’मध्ये हलवायचा. उद्यमनगरात यावर तोंडी खबरदारीही घेतात. ड्रॉइंगचा मेल आला की प्रिंट काढून जॉब कार्डाला टाचणी लावतात, मग मेलचे काही का होईना.

गुळाच्या व्यापारात आणि गुजरीतल्या सराफी पेढ्यांवर बरेचसे बोलणे फोन आणि व्हॉट्सअ‍ॅपवर उरकते, तिथे हा प्रश्न मुख्यतः कर सल्लागाराकडच्या मेलपुरता उरतो. तो किरकोळ समजू नये. केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम 36 नुसार हिशेब आणि संबंधित कागद त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून 72 महिने ठेवावे लागतात, आणि माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 च्या कलम 7 ने असे कागद इलेक्ट्रॉनिक स्वरूपात ठेवायला मान्यता दिली आहे. बिल मेलनेच आले असेल तर तो मेल म्हणजे दप्तर. 2019 आणि 2021 च्या महापुरात पंचगंगेचे पाणी शाहूपुरीसारख्या व्यापारी भागात शिरले. भिजलेल्या फायलींच्या जागी सर्व्हरवरची प्रत किती उपयोगी पडते, हे त्यानंतर कोल्हापुरात कुणाला समजावून सांगावे लागत नाही.

परत मिळवण्याची मुदत

विचारणा बंद केल्यावर खरा आधार उरतो तो सर्व्हरचा आणि तो खात्याच्या प्रकाराप्रमाणे बदलतो. मायक्रोसॉफ्ट एक्सचेंजच्या खात्यात कायमचा काढलेला संदेशही मूळ मांडणीत 14 दिवस ‘रिकव्हर डिलीटेड आयटम्स’मधून परत आणता येतो. प्रशासक एक्सचेंज ऑनलाइनवर ही मुदत 30 दिवसांपर्यंत वाढवू शकतो. थंडरबर्डच्या स्थानिक फोल्डरमध्ये काढलेला संदेश ‘कॉम्पॅक्ट’ होईपर्यंत, म्हणजे फाइल आवळून तो खरोखर पुसला जाईपर्यंत, फायलीत पडूनच असतो, म्हणून चूक लक्षात आल्याबरोबर कॉम्पॅक्ट थांबवावे आणि त्या फायलीची प्रत बाजूला काढावी.

सर्वांत उघडे पडते ते पॉपचे खाते. त्यात मेल संगणकावरच्या एका पीएसटी फायलीत, म्हणजे आऊटलुकच्या साठवणीच्या फायलीत, उतरतो. सर्व्हरवर प्रत ठेवण्याची टिक असली तरी तिच्याखाली किती दिवसांनी पुसायचे याचा आकडा असतो, आणि ‘डिलीटेड आयटम्स’मधून काढल्यावर सर्व्हरवरूनही काढण्याची आणखी एक टिक असते. ती चालू असेल तर शिफ्ट-डिलीट दोन्ही ठिकाणी लागू होते. अशा संगणकावर पुष्टी बंद करण्याआधी पीएसटीची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी, तीही आऊटलुक पूर्ण बंद करून, कारण उघड्या पीएसटीची प्रत घेताना फाइल वापरात असल्याचे सांगून विंडोज अडवते. गुगल वर्कस्पेसचे पैसे भरून घेतलेले खाते असेल तर कचरापेटीतून गेलेला मेलही आणखी 25 दिवस प्रशासकाला परत आणता येतो. त्यासाठी प्रशासकाचा पासवर्ड ऑफिसातच कुणाकडे तरी असायला हवा. खाते उघडून देऊन गेलेल्या तंत्रज्ञाकडेच तो राहिला असेल तर ते 25 दिवस त्याचा नंबर शोधण्यात जातात.