अपस्मार : लवकर उपचार व दीर्घकालीन भवितव्य

मेंदूतील चेतापेशींत एकाएकी अतिरेकी विद्युत्‌क्रिया होऊन वारंवार झटके येण्याच्या विकाराला अपस्मार म्हणतात. बोलीत तो फेफरे, मिरगी, आकडी किंवा नुसते ‘फिट येणे’ या नावांनी ओळखला जातो. पहिल्या झटक्यानंतर लगेच औषध सुरू केल्याने रोगाची पुढची वाटचाल बदलते, की फक्त पुढचा झटका लांबतो, हा या विकारातील जुना वाद आहे.

एक झटका पुढच्या झटक्याला वाट करून देतो, हे मत लंडनचे विल्यम गॉवर्स यांनी १८८१ मध्ये मांडले आणि पुढे दीर्घकाळ त्याचा पगडा राहिला. मात्र केनिया, इक्वेडोर यांसारख्या देशांत वर्षानुवर्षे औषधाविना राहिलेल्या अनेक रुग्णांनाही उपचार सुरू होताच गुण आल्याचे दिसले. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील एका मोठ्या चाचणीत सुमारे १,४०० रुग्णांपैकी काहींना लगेच, तर काहींना गरज पडल्यावर औषध देण्यात आले. पहिली दोनेक वर्षे पहिल्या गटाला झटके कमी आले. परंतु तिसऱ्या ते पाचव्या वर्षांत झटक्यांपासून मुक्त राहिलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ७६ व ७७ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच होते. कांदा किंवा चप्पल हुंगवण्याच्या प्रथेतही श्रेयाची अशीच गफलत होते : झटका बहुधा दोन-तीन मिनिटांत आपोआपच थांबतो आणि नाव कांद्याचे होते.

तरीही लवकर उपचार निरर्थक ठरत नाही, कारण चुलीपाशी, विहिरीच्या काठावर वा वाहन चालवताना आलेला एकच झटका जिवावर बेतू शकतो. अर्भकांच्या एका प्रकारात तर दिरंगाई महागात पडते : झोपेतून उठताना बाळाची मान व हातपाय एकदम आवळले जातात, असे लागोपाठ अनेकदा होते, घरच्यांना ते पोटदुखी किंवा दचकणे वाटते, आणि तेवढ्यात बौद्धिक वाढ खुंटू लागते.

एरवी भवितव्य ठरते ते मुख्यतः कारणावर व पहिल्या औषधाच्या परिणामावर. ग्लासगो येथील ५२५ रुग्णांच्या, २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आधी औषध न घेतलेल्या ४७० जणांपैकी ४७ टक्क्यांचे झटके पहिल्याच औषधाने थांबले, दुसऱ्याने आणखी १३ टक्क्यांचे. योग्य अशी दोन औषधे निष्फळ ठरल्यास शस्त्रक्रियेचा विचार करतात. दहा वर्षे झटका नाही आणि त्यांपैकी शेवटची पाच वर्षे औषधही नाही, अशा रुग्णाचा अपस्मार निवळला असे २०१४ पासून मानतात. ‘बरा झाला’ हा शब्द त्या व्याख्येत जाणीवपूर्वक टाळलेला आहे.